माण ५३ टक्के, महाबळेश्वर ४५: या फरकाचं काय करायचं?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तपासलेल्या ४०० गरोदर मातांपैकी २१२ जणींचं हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमच्या खाली (म्हणजे ॲनिमिया), महाबळेश्वरात ३५० पैकी १५८ जणींचं. (आकडे हिशोबापुरते धरलेत, कुठल्या सर्व्हेतले नाहीत.) ५३ टक्के आणि ४५.१ टक्के. मीटिंगमध्ये एवढ्यावरच माणवाल्यांना धारेवर धरतात.

हा फरक नुसता योगायोगाचा असू शकतो का, हे बघायला झेड टेस्ट असते; तिला पाच मिनिटं पुरतात. दोन्हीकडचे मिळून ७५० पैकी ३७०, म्हणजे एकत्रित प्रमाण ०.४९३. त्याला (१ − ०.४९३) ने गुणा, मग (१/४०० + १/३५०) ने गुणा आणि वर्गमूळ काढा. स्टँडर्ड एरर (सॅम्पलमुळे फरकाचा अंदाज किती हलू शकतो, त्याचं माप) आला ०.०३६६. फरक ०.०७८६; त्याला एररने भागलं की झेड २.१५, पी (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०३२. कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठवर असू शकतो, तो पट्टा) काढताना मात्र एकत्रित प्रमाण चालत नाही. प्रत्येक तालुक्याचं प्रमाण गुणिले (१ − प्रमाण) भागिले तिथल्या माता, अशा दोन संख्यांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं आणि १.९६ ने गुणायचं. ९५ टक्क्यांचा इंटरव्हल येतो ०.७ ते १५ टक्के पॉइंट. रिपोर्टात पीच्या आधी हाच लिहावा. फरक एक पॉइंटही नसेल किंवा चांगला पंधरा असेल, हे नुसत्या ०.०३२ वरून कुणाला कळणार?

खरी गोची सॅम्पलमध्ये आहे. या ७५० जणी काही एकेक चिठ्ठी काढून निवडलेल्या नसतात. आधी आरोग्य उपकेंद्रं निवडतात, मग तिथल्या सगळ्या माता घेतात. एका गावातलं खाणंपिणं सारखं, लोहाच्या गोळ्या पोचवणाऱ्या आशाताईही त्याच. त्यामुळे वीस जणी तपासल्या तरी वीस जणींइतकी माहिती हाती येत नाही. या गटागटाने निवडीमुळे अंदाजाची अनिश्चितता (व्हेरियन्स) किती पट वाढते, तो डिझाइन इफेक्ट. तो १.५ धरून बघा: एरर १.२२ पट वाढतो, झेड १.७५ वर उतरतो, पी ०.०८ होतो, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेच्या वर. फरक आहे असं आता ठामपणे म्हणता येत नाही! उपकेंद्राचा कोड एंट्रीतच घेतला नसेल, तर ही दुरुस्ती नंतर धडपणे करताही येत नाही.

त्यात महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. उंचीवर हिमोग्लोबिन मुळात चढं असतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तिथे कटऑफ वाढवायला सांगते. सरसकट ११ लावलं की वरच्या गावांतला ॲनिमिया कमी दिसणार. पण तापोळ्याकडची गावं खाली कोयनेच्या पाण्याकाठी, त्यांना वरचा कटऑफ लावणंही चूकच. उंची गावागणिक धरावी, तालुक्यागणिक नाही. आणि हिमोग्लोबिन मोजताना एकीकडे साहलीच्या नळीत डोळ्यांनी रंग जुळवलाय, दुसरीकडे डिजिटल मीटर, असं असेल तर झेड टेस्टच्या वाटेला जाऊच नका.

त्याच मातांची गोळ्यांआधी आणि नंतर तुलना करायची असेल तर झेड टेस्ट नाही, मॅकनेमारची टेस्ट वापरा. आणि दोन तालुक्यांच्या तुलनेत (दोन तालुके, ॲनिमिया आहे-नाही) चार खान्यांपैकी एकात जरी अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली तर फिशरची टेस्ट.