बटन बंद, तरी करंट

"सर, बटन बंद केलं, तरी यात करंट कसा?"

आज दारव्ह्याजवळ सोलर पंपाच्या वर्गात एका ताईंनी विचारलं. वय चाळिशीच्या आसपास, सकाळी कापूस वेचून आलेल्या. वीज मोजायच्या मल्टिमीटरवर आकडा होता 412 व्होल्ट.

ऊन आहे तोवर पॅनल बंद होत नाही, मी म्हटलं. एकेकाचे 40 व्होल्ट धरा, सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, दहा जोडले की 400. स्टार्टर बंद केला तरी तिथवरच्या वायरी जिवंतच. त्यात ही डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज; पंप चालू असताना जोड ओढला तर ठिणगी लवकर विझतही नाही. (आपल्याकडे वीज जाते कशी, हे कोणाला शिकवावं लागत नाही. न जाणारी वीज मात्र शिकवावी लागते!)

ताईंनी क्षणभर विचार केला. डोक्याचा दुपट्टा सोडला, चार घड्या केल्या आणि पॅनलवर टाकला. आकडा घसरला. "असं झाकाचं न मंग सगळ्याइले?"

पुस्तकात हेच लिहिलंय, काळं जाड कापड टाका म्हणून. ते पान अजून यायचं होतं.

कोर्स संपला की प्रमाणपत्र मिळेल. शिवारात पंप वाढतायत, बिघडला की मेकॅनिक यवतमाळहून येतो, कधी आठ दिवसांनी. पिकाला आठ दिवस म्हणजे काय, ते सांगायला नको.

निघताना ताई मीटर पुसत म्हणाल्या, "मले जमते सर आता. पन गावात पंप बिघडला, त बाईले बोलावतीन का लोकं?"

मी नुसताच "हो" म्हणालो. तुम्ही बोलावाल?