कुलाबा ते कुलाबा, मार्गे चतुर्थी

आमच्याकडे कालनिर्णय फ्रीजशेजारच्या खिळ्याला असतं. त्याच्यावर दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि दर महिन्याच्या संकष्टीभोवती आईने लाल पेनने काढलेला गोल. फेब्रुवारीच्या पानावरच्या गोलावर बोट ठेवून मी म्हटलं, "आई, या चतुर्थीला अलिबागला असू. सकाळी नऊला ओहोटी आहे."

आईने चष्मा नाकावर नीट बसवला. "ओहोटी कुठे लिहिलीय यात?"

लिहिलेली नसते, काढावी लागते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला भरती, दुपारी तीनला भरती आणि मधोमध नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण समुद्राकडून मिनिटांची अपेक्षा करू नये.

हे गणित मला फुकट मिळालेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ऐन पौर्णिमेला भर दुपारी बाराला अलिबागच्या पुळणीवर कुलाबा किल्ला बघायला जाऊन उभी राहिले होते. किल्ला समोर, मी इकडे आणि मध्ये काठोकाठ समुद्र. ओहोटीला संध्याकाळ होणार होती आणि माझी परतीची बस चारची होती. बर्फाचा गोळा खाल्ला आणि परत आले. तेव्हापासून समुद्रावर जायचं तर आधी कालनिर्णय, मग रेल्वेचं आरक्षण.

बेत गोलाकार होता. पुण्याहून रेल्वेने मुंबई, तिथे एक दिवस. गेटवेहून लाँचने मांडवा आणि पुढे अलिबाग. परतताना एसटीने पेण-खोपोलीवरून थेट पुणे. गाडी नाही, कारण मला चालवता येत नाही, हे खरं कारण. खोटं कारण मी सगळ्यांना सांगते, ते असं, की मुंबईहून अलिबागला रस्त्याने जायचं तर पनवेल-पेण असा शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो, पाण्यावरून मात्र तासाभरात माणूस मांडव्याला. आता 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट गाडीसकट नेते, त्यामुळे माझं खोटं कारणही थोडं लंगडं झालंय.

सामानाचा नियम एकच: मांडीवर मावेल तीच पिशवी. चाकांची बॅग विमानतळाच्या फरशीवर शोभते. लाँचच्या फळीवर, एसटीच्या पायरीवर आणि पुळणीवर तिची चाकं म्हणजे नुसतं ओझं. आईने हे मला शिकवायची गरज नव्हती, तरी तिने शिकवलं.

मंगळवारी सव्वासातची डेक्कन क्वीन. मुंबईचा दिवस आईचा होता. ती गिरगावात वाढलेली, लग्नानंतर पुण्याला आली. तिची एकच मागणी: डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसायचं. जुन्या लाल डबल डेकर 2023 च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या. आता विजेवरच्या, वातानुकूलित आहेत. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणारी मिळाली. शहात्तराव्या वर्षी ती तो आखडता जिना कठड्याला धरून चढली, पुढची सीट पटकावली आणि दोन सिग्नल गेल्यावर काचेवर हात ठेवून म्हणाली, "वारा नाही गं लागत."

दुसऱ्या दिवशी गिरगावातून मेट्रो घेतली. ही भुयारी लाइन 2025 च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, इतक्या झटपट, की आईला पिशवीची चेन लावायलाही वेळ मिळाला नाही. वर आल्यावर ती म्हणाली, "आख्ख्या गिरगावाखालून आलो आणि गिरगाव दिसलंच नाही." मग जरा थांबून, "आमची ट्राम बरी होती. प्रत्येकाच्या गॅलरीत डोकावत जायची." मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली तेव्हा ती चौदाची होती. ट्रामचा विषय निघाला की आईला आवरणं अवघड. तो पुढेही निघणार होता, पण ते नंतर.

गेटवेचं बांधकाम 1924 मध्ये पूर्ण झालं. राजाच्या भेटीची आठवण म्हणून बांधलेल्या या कमानीतून राजाचं शेवटचं सैन्य 28 फेब्रुवारी 1948 ला निघून गेलं. आम्हाला कमान बघायला वेळ नव्हता, कारण लाँचची रांग पुढे सरकत होती. धक्क्याच्या ओल्या पायऱ्या, हलणारी फळी, आणि पलीकडून खलाशाचा हात. "आजी, हात द्या. खाली बघू नका, माझ्याकडे बघा." आईने खालीही बघितलं आणि त्याच्याकडेही. नारिंगी लाईफ जॅकेटात ती शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या गाजरासारखी दिसत होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

वरच्या डेकचे वेगळे पैसे पडतात. दिले. लाँच बंदराबाहेर पडली आणि काल काचेमागे अडकलेला वारा एकदम अंगावर आला. आईचा पदर, माझी ओढणी, शेजारच्या गृहस्थांचा पेपर, सगळं एकाच दिशेला. मागे कुरव लागले. वीस-पंचवीस असतील. एका मुलाने वेफर वर फेकला, तो खाली येण्याआधीच एकाने मान तिरकी करून उचलला. इतक्या जवळून, की त्याच्या डोळ्यामागचा काळा ठिपका दिसला, चोचीची लाल कड दिसली. हे पक्षी हिवाळ्यात उत्तरेतून, काही तर लडाख-मध्य आशियाकडून इकडे येतात. हजारो किलोमीटर उडून येतात आणि गेटवेसमोर वेफर खातात. त्यांच्या पोटाला हे बरं नाही. मी तसं म्हटलंही. आई म्हणाली, "तुझ्या पोटाला तरी कुठे बरं असतं?"

मांडव्याला उतरल्यावर त्याच तिकिटावर पुढची बस उभी असते. हा मला या सगळ्या प्रवासातला सर्वात सुसंस्कृत भाग वाटतो. कुठे विचारायला नको, कुणाशी भाव करायला नको. चोंढीवरून पाऊण तासात अलिबाग. त्या दिवशी तृतीया, त्यामुळे जेवायला सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. आईने दोन वाट्या सोलकढी घेतली. "उद्या चतुर्थी," असं ती स्वतःलाच समजावत होती.

खरं सांगायचं तर अलिबागचा गावाला लागून असलेला किनारा देखणा नाही. वाळू राखाडी, घट्ट, पाणी गढूळ. सुट्टीच्या दिवशी तर चार चाकांच्या मोटारसायकली, उंट, भेळ यांच्यात समुद्र शोधावा लागतो. पण हीच घट्ट वाळू ओहोटीला किल्ल्यापर्यंत रस्ता होते. गुरुवारी सकाळी साडेआठला पुळणीवर आलो तर पाणी मागे सरकलेलं, वाळूवर जात्याच्या टाक्यांसारख्या बारीक रेघा, खळग्यांत साचलेल्या पाण्यात इवले खेकडे आडवे पळत होते. घोडागाडी करायची का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "समुद्र चालत जायला देतोय, तर घोडा कशाला?"

कुलाबा किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये, आपल्या शेवटच्या दिवसांत सुरू केलं. पुढे तो आंग्र्यांचा झाला. तटाचे प्रचंड दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. आत मोठ्या चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर 1849 साल आणि इंग्लंडमधल्या लो मूर कारखान्याचं नाव. आईला तोफांचं काही नव्हतं. तिला विहीर हवी होती. चहूबाजूंना खारं पाणी आणि आत गोडं, हे तिला पटत नव्हतं. मग सिद्धिविनायकाचं दर्शन, संकष्टी असल्याने बऱ्यापैकी गर्दी, प्रसादाचं गूळ-खोबरं तिने चिमूटभर मला दिलं आणि उरलेलं डबीत ठेवलं. रखवालदाराने बजावलं होतं, अकराच्या आत पुळणीवर पोचा. पोचलो. मागे वळून पाहिलं तर आमच्या वाटेवर पाणी घोट्याएवढं आलेलं होतं.

किनाऱ्याजवळच एक कुंपण घातलेली जुनी जागा आहे. आत झाडी आणि बैठ्या इमारती. ही चुंबकीय वेधशाळा. आत जाता येत नाही, म्हणून मी कुंपणाशीच आईला तिची गोष्ट सांगितली. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. पुढे शहरात विजेवरची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या ट्रामने तिथल्या नाजूक सुया थरथरणार, मोजमाप बिघडणार. म्हणून 1904 मध्ये वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला आणली, लोखंड टाळून बांधली. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम खरोखरच धावायला लागली.

आई कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून आत बघत होती. "म्हणजे ही आमच्या ट्रामला भिऊन पळून आली होय!" तिच्या आवाजात जो आनंद होता, तो मी सिद्धिविनायकासमोरही ऐकला नव्हता. मुंबईच्या कुलाब्याहून निघून कुलाबा किल्ल्यासमोर येऊन बसलेली वेधशाळा. हा जिल्हाही 1981 पर्यंत कुलाबाच होता. आजोबांच्या पत्रांवर "जि. कुलाबा" असं असायचं, ते आईला आठवलं. "सगळे आपले कुलाब्याचेच," ती म्हणाली.

दुपारी वरसोलीला. सुरूच्या सावलीत साबुदाण्याची खिचडी, माझीही, कारण तिच्यासमोर मासे खायचा धीर झाला नाही. तीनला हिशेबाप्रमाणे भरती पूर्ण. आई पाण्यात पाय सोडून बसली ती उठेचना. मी पांढऱ्या कांद्याची माळ घेतली. हंगाम नुकता लागत होता, कांदे लहान होते, पण माळ विणलेली सुरेख.

सहाची पुण्याची एसटी. कंडक्टरने मशीन पुढे करून विचारलं, "आजी, पंच्याहत्तर पूर्ण?" आईने आधार कार्ड असं काढलं, की जणू परीक्षेचा निकाल दाखवतेय. तिचं तिकीट शून्य रुपयांचं, माझं बायकांचं अर्धं. म्हणजे दोघी मिळून अर्ध्या तिकिटात. "एवढ्यात तर परत एकदा येऊन जाऊ," ती म्हणाली. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर अशी सुटली, आणि डेक्कन क्वीनही 1 जूनचीच, 1930 ची. दोघींचा वाढदिवस एका दिवशी. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती झोपली होती. वडखळला गर्दी, पेणला दहा मिनिटं, खोपोलीनंतर घाट. कांद्याची माळ माझ्या मांडीवर, तिचा वास सगळ्या बसभर.

लोणावळ्याला आई जागी झाली. "किती वाजले?" नऊ. कालनिर्णयात चंद्रोदय साडेनऊच्या आसपास. मग ती खिडकीला नाक लावून बसली. कधी झाडं, कधी डोंगर, कधी ढाब्यांचे दिवे. कामशेत मागे पडलं तेव्हा डोंगराच्या कडेवर तांबूस असा तो निघाला. बस वळली की पलीकडच्या खिडकीत जायचा, पुन्हा वळली की आमच्याकडे. आईने हात जोडले, डबी उघडली. पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळल्या. "दिसला का हो? माझ्या बाजूला येईना."

"या इकडे," आई म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन सरकली. त्या उठून आमच्यात येऊन बसल्या. एका सीटवर तिघी, माझ्या मांडीवर कांदे. आईने डबीतलं खोबरं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "समुद्रातल्या गणपतीचं आहे. सकाळी चालत गेलो होतो."