काचेचं कौल

मे महिन्यातल्या एका दुपारी पुतण्याने ड्रोन आणला, आणि आणला म्हणजे चक्क खिशातून काढला. मी मोठं खोकं येणार म्हणून ओटीवरचे पाट सरकवून जागा करून ठेवली होती. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरतात, तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, आणि कंपन्याही असले ड्रोन मोजून २४९ ग्रॅमचे करतात, असं त्याने सांगितलं. पण ते नंतर. आधी आईने तो तळहातावर तोलला आणि म्हणाली, "पावशेर म्हणून देत असतील, पण कमी भरेल."

ड्रोन उडवायला अक्कल लागत नाही, हे पाच मिनिटांत कळलं. सोडला की आपला आपण डोक्याच्या उंचीवर थांबतो. खालून खारा वारा सुटलेला, ड्रोन डुगडुगत होता, पण पडद्यावरचा माड हलत नव्हता. त्याच्या पोटाखाली कॅमेरा तोलून धरणारं गिम्बल असतं, त्याची करामत. कोंबडी हातात धरून अंग कितीही हलवलं तरी तिची मान जागच्या जागी राहते, तशी. लहानपणी दुपारभर हाच उद्योग करायचो आम्ही, कोंबडी कंटाळेपर्यंत.

अक्कल लागते ती पुढे. डाव्या अंगठ्याने वर-खाली आणि गिरकी, उजव्याने पुढे-मागे आणि आडवं, शिवाय डाव्या तर्जनीखाली एक चाक, ते फिरवलं की कॅमेरा मान खाली घालतो. माडाला प्रदक्षिणा घालायची तर उजवा अंगठा उजवीकडे, डावा डावीकडे, दोन्ही एकाच वेळी आणि सारखेच हळू. माझा माड दर दोन सेकंदांनी पडद्याबाहेर जाऊन परत येत होता.

"काका, फुटेज बटर आलं पाहिजे."

"मग घुसळतोय काय एवढा?" आई म्हणाली. "लोणी आलं की रवी हळू करायची असते."

पहिलं चित्रण पाहताना तिला घाटात एसटी लागते तसं झालं. मग पुतण्याने सगळा वेगच कमी करून ठेवला आणि कॅमेऱ्याला गॉगल लावला. एनडी फिल्टर म्हणतात त्याला. सेकंदाला २५ चित्रं घ्यायची तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास उघडं ठेवायचं. पण मेच्या उन्हात तेवढ्या वेळात चित्र पांढरंफटक होतं, म्हणून उजेड अडवायला काळी काच. गॉगल नसला तर शटर भलतंच जलद करावं लागतं, झावळीचं पान न् पान धारदार येतं, आणि नेमकं म्हणूनच सगळं खाड्‌खाड् चालल्यासारखं दिसतं. हलणारी गोष्ट थोडी पुसट झाली तरच डोळ्याला मऊ वाटते. हे मला एकदम पटलं. का पटलं ते विचारू नका.

लग्नातले ड्रोन मला आवडत नाहीत, तेवढं सांगून टाकतो. आमच्या एका घरच्या कार्यात ऐन मंगलाष्टकांना मांडवावर भुंगा घोंघावत होता. पुढे सिनेमा आला तर त्यात दोनशे माणसं पावसाची वाट पाहावी तशी माना वर करून उभी, आणि नवरा-नवरीच्या वाटच्या अक्षता पुढच्या रांगेतल्या टकलांवर.

असो. उन्हं कलल्यावर पुतण्या म्हणाला, आता एकच शॉट, विहिरीपासून. विहिरीच्या काठावरून अगदी खालून निघायचं, पोफळींच्या मधून पुढे, मग सावकाश वर आणि एकदम घर दिसू द्यायचं. बोटं माझीच होती. तिसऱ्या खेपेला जमलं. अंगठे नुसते टेकवून ठेवायचे, ढकलायचे नाहीत.

पन्नास वर्षांत मी आमचं छप्पर वरून पाहिलं नव्हतं. आंब्याच्या बाजूची कौलं काळी, शेवाळाची, मधली वीसेक नव्या लाल रंगाची. पन्हळीत एक टेनिसचा चेंडू. आणि मागच्या उतरणीवर काहीतरी लखलखलं.

"ते काय चमकतंय?"

स्वयंपाकघरावरचं काचेचं कौल. त्यातून एक तिरपा उजेड खाली यायचा, धुराने नि पिठाने भरलेला, आणि जमिनीवर तळहाताएवढा कवडसा. ओटीवर घड्याळ होतं, पण त्यावर आजीचा विश्वास नव्हता. कवडसा पाट्याला टेकला की भाताला आधण. जात्याच्या खुंट्यावर आला की आजोबांना चहासाठी उठवायचं. मार्गशीर्षात तो वेगळ्याच वाटेने जायचा, तेव्हा तिच्या खुणाही बदलायच्या. त्या कुणाला सांगितलेल्या मला आठवत नाहीत. मी हनुवटी गुडघ्यावर ठेवून तो सरकताना पकडायला बसायचो. कडेला चिंचोका ठेवायचा आणि डोळे ताणून बघायचं. कधीच सापडला नाही. चिंचोका सावलीत असायचा, असायचा, आणि मग उजेडात असायचा.

"काका, बॅटरी." हातातलं यंत्र पिपाणीसारखं ओरडत होतं. आम्ही काही करायच्या आत ड्रोन आपणहून वळला आणि अंगणात जिथून उठला होता तिथेच उतरला.

मी आत गेलो. स्वयंपाकघरात ट्यूब लावलेली होती. वरून उंदरांच्या लेंड्या पडतात म्हणून काही वर्षांपूर्वी खालून पांढरं सिलिंग ठोकून घेतलं. पैसे मीच पाठवले होते. म्हणजे कवडसा अजून रोज येत असणार, सिलिंगच्या पाठीवर, तिथल्या अंधारात, इकडून तिकडे जात असणार.

आई चहाचं आधण ठेवत होती.

"किती वाजले गं?" मी विचारलं.

तिने मान वळवून कोपऱ्यातल्या जमिनीकडे पाहिलं. तिथे आता फ्रिज आहे.

"घड्याळ आहे ना समोर," म्हणाली.