लाभ, दोन, तीन

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या गणेश मंडळाने मंडपाबाहेर फलक लावला होता : 'तोतरे बोलणाऱ्या मुलांची मोफत तपासणी'. फोनवर मी 'बोलण्याच्या आणि भाषेच्या सगळ्या अडचणी' असं सांगितलं होतं, पण सेक्रेटरींच्या लेखी स्पीच थेरपिस्ट म्हणजे तोतरेपणा. त्यांना काय बोलणार? ठाण्यात माझ्या क्लिनिकच्या इमारतीतसुद्धा माझी ओळख 'त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई' अशीच आहे.

फलकाप्रमाणे मुलंच आली. कुणाला वेखंड उगाळून चाटवलं होतं, कुणाला पोपटाचा उष्टा पेरू दिला होता. 'ह्याचा बापपण उशिरा बोलला' हे तर जवळजवळ प्रत्येक आजीने ऐकवलं. मी उलट एकच विचारत होते, कान तपासलेत का? वर्षाच्या आसपास मूल एखादा अर्थाचा शब्द बोलू लागतं, दोन वर्षांचं झालं की दोन शब्द जोडतं. तसं होत नसेल तर आधी ऐकू येतंय का ते बघायचं. बेरा नावाची तपासणी झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही करता येते. पण 'हाक मारली की बघतो की' या एका वाक्यावर अख्खी घरं निर्धास्त असतात.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक काकी नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. साठीच्या अलीकडचा माणूस, उजवा हात छातीशी आखडलेला, उजवा पाय ओढत. वाशीच्या दाणाबंदरात त्यांचं सारं आयुष्य पोती उचलण्यात गेलेलं. गाव साताऱ्याकडचं. सगळे त्यांना आबा म्हणत होते.

"मोठ्यांचं बघता का मॅडम? दिवाळीच्या टायमाला झटका आला. तवापास्नं भरम झालाय म्हंत्यात समदी. काय बी इचारा, 'तेच तेच' म्हंत्यात."

"आबा, नाव काय तुमचं?"

"तेच... तेच तेच." आणि मग स्वतःवरच चिडून डाव्या हाताची मूठ टेबलावर.

भ्रम झालेला माणूस आपल्या चुकलेल्या शब्दावर असा चिडत नाही. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं, मिटले. आधी गणपतीकडे आणि मग पंख्याकडे बोट दाखवायला सांगितलं, त्याच क्रमाने दाखवलं. मग विचारलं, "एकाच मापाच्या दोन गोण्या. एक कापसाची, एक ज्वारीची. कापसाची जड का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की बाई कुठून आल्या आहेत! आणि जोरात मान हलवली. नाही.

याला वाचाघात म्हणतात, डॉक्टरी भाषेत अफेजिया. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं आणि तीच बाजू शरीराचा उजवा भाग हलवते. म्हणून उजवं अंग लुळं पडलं की बोलणंही जायची भीती असते. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण होता, तो कशालाही 'तान' एवढंच म्हणायचा. तो वारल्यावर त्याच्या मेंदूचा डावा पुढचा भाग खराब झालेला आढळला. आबांचं 'तेच' त्याच जातीचं. मनात विचार पूर्ण असतो, वाक्य बाहेर येत नाही.

आकडे, वार, देवाचं नाव, शिव्या ही घोकून पक्की झालेली बोली पुष्कळदा शाबूत राहते. म्हणून म्हटलं, "माझ्याबरोबर मोजा. एक..." काही नाही. पुन्हा एक. ओठ हलले, आवाज नाही. तेव्हा काकी मागून म्हणाल्या, "एक न्हाई मॅडम, त्यांचं लाभापास्नं असतंय." खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात. आबांनी ती सवय दाणाबंदरातल्या पोत्यांपर्यंत नेलेली.

मी म्हटलं, "लाभ..."

"लाभ. दोन. तीन. चार. पाच." खणखणीत, मोजणीच्या हेलात, थेट वीसपर्यंत. मंडपात झांजा पुसत बसलेली पोरं उठून उभी राहिली. आबांचा मुलगा ओरडलाच, "आबा बोलले!"

त्याचा आनंद मोडणं जिवावर आलं, पण तिथेच सांगावं लागलं. "आबा, नातवंडं किती?" 'तेच' आलं. मग त्यांनी दोन बोटं वर केली. वीसपर्यंत मोजणाऱ्या माणसाला 'दोन' हा शब्द हवा तेव्हा सापडत नव्हता. मोजणं म्हणजे बोलणं नव्हे, पण बोलण्यापर्यंत जायला ते एक दार असतं.

एव्हाना भोवती बरीच माणसं जमली होती. यांना तुमच्याबद्दल सांगू का, असं आबांना विचारलं. त्यांनी मान डोलावली. व्याख्यान लॅपटॉपमध्येच राहिलं. मी सांगितलं, आबा बहिरे नाहीत, ओरडू नका. लहान बाळाशी बोलल्यासारखं बोलू नका. एका वेळी एक प्रश्न विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. हे सर्वांत कठीण. शेताचं, पैशाचं त्यांच्यासमोर ठरवा, त्यांना विचारून. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात लुळा पडला, तर मालिश नाही, थेट मोठं हॉस्पिटल. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं.

चहा पिताना ठसका लागतो का, हेही विचारलं. लागत होता. गिळण्याची अडचणही आमच्याच कामात मोडते, आणि घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. हॉस्पिटलमधून घरी सोडताना फिजिओथेरपीचा कागद मिळाला होता, स्पीच थेरपीचं कुणी नावही काढलं नव्हतं. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो. आबांचे ते गेलेच. याचा मला अजून राग येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हे तर त्या गर्दीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबा आता ट्रान्सहार्बरची गाडी पकडून मुलाबरोबर ठाण्याला येतात. काटा, गोणी, बारदान, ट्रक असे फोटो लावलेली एक वही केली आहे. फळांच्या तयार चित्रांपेक्षा त्यांना ती चालते. परवा काकींनी सांगितलं, घरी दोन शब्द एकत्र आले : "चहा नको." काकी चिडल्या होत्या, कारण चहा करून झाला होता.