५२ दिवसांचा हिशेब आणि बीमखालची भेग

सहावा स्लॅब भरून झाला त्या दिवशी काम मूळ शेड्यूलच्या ५२ दिवस मागे होतं. पुण्यातली राहती इमारत, पोडियमवर १४ मजले, मजल्याला चार फ्लॅट, स्लॅबचं क्षेत्र ४२० चौरस मीटर. पायाच्या खोदाईत काळा पाषाण अंदाजापेक्षा बराच वर लागला आणि ब्रेकरवर महिना गेला. नंतर पाऊस. नंतर दिवाळी आणि छटपूजेला गावी गेलेली सेंट्रिंगची (काँक्रीट ओतायच्या साच्याची) टोळी उशिरा आणि निम्मीच परतली. ही कारणं सगळ्यांना तोंडपाठ होती आणि दर सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांचीच उजळणी व्हायची. महारेराकडे नोंदवलेली ताब्याची तारीख काही हलणार नव्हती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रिकव्हरी शेड्यूल करण्याचं काम माझ्याकडे आलं.

पहिली सूचना नेहमीचीच: माणसं वाढवा, रात्रपाळी लावा. पण ४२० चौरस मीटरच्या मजल्यावर पंचवीसच्या वर सुतार मावत नाहीत. त्यानंतरचा प्रत्येक सुतार दुसऱ्याची प्लाय संपायची वाट बघत उभा असतो. आणि चारी बाजूंनी वस्ती असताना रात्री दहानंतर ठोकाठोक करता येत नाही. कागदावर माणसं वाढवणं फार सोपं असतं, म्हणून मीटिंगमध्ये तेच ठरतं.

मी पाचव्या आणि सहाव्या स्लॅबचा तास-तास वहीत मांडला. स्लॅब ते स्लॅब १७ दिवस लागत होते, शेड्यूलमध्ये १२ धरले होते. वरचे पाच दिवस कामात जात नव्हते, कामांच्या मधल्या फटींत जात होते. स्लॅब भरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनआउट (कॉलम-भिंतींच्या रेषांची आखणी) आणि कॉलमचे स्टार्टर (तळाचे छोटे पहिले तुकडे) व्हायला हवेत, तिथे लाइनआउट करणारा इंजिनिअर दुसऱ्या इमारतीवर असल्यामुळे एक दिवस. खालची सळई बांधून झाली की वरची बांधण्याआधी इलेक्ट्रिकचे पाइप पडायला हवेत, तिथे इलेक्ट्रिशियनची एकच टोळी दोन इमारतींत मिळून, म्हणून एक दिवस. पूर्ण मजल्याची सळई झाल्यावरच कन्सल्टंटच्या माणसाला फोन, तो दुसऱ्या दिवशी येणार, चुका दाखवणार, त्या सुधारायला आणखी अर्धा दिवस. उरलेले दिवस सेंट्रिंगच्या सामानात अडकले होते: प्लाय खालच्या मजल्यावर, सुतार वरच्या मजल्यावर.

उपाय साधा होता, पण तो सगळ्यांच्या गळी उतरवायला दोन आठवडे लागले. स्लॅबचे दोन भाग केले. जोड कुठे घ्यायचा हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटने ठरवून दिलं: स्पॅनच्या मधल्या तिसऱ्या भागात, जिथे शीअर (कातरणारा ताण) कमी असतो. सुतार पहिल्या भागात असताना फिटर दुसऱ्या भागात, आणि मग अदलाबदल. एकही टोळी रिकामी बसत नाही. बीमचे पिंजरे यार्डातच बांधून क्रेनने वर आणले. सळईची तपासणी भागाभागाने, ठरलेल्या वाराला. काँक्रीटही सोयीचं झालं. पूर्वी एका दिवशी ७८ घनमीटर म्हणजे सहा घनमीटरच्या १३ गाड्या लागायच्या, आणि जड वाहनांच्या बंदीच्या वेळेत मधली गाडी अडकली की कोल्ड जॉइंटची (आधीचं काँक्रीट घट्ट झाल्याने नीट न जुळलेल्या सांध्याची) भीती. आता एका वेळी सात गाड्या. स्लॅब ते स्लॅब सायकल ११ दिवसांवर आली.

इथे प्रोजेक्ट मॅनेजर आनंदले: १७ चे ११ झाले, आठ स्लॅब बाकी, म्हणजे ४८ दिवस वाचले. हा हिशेब मला अजून खटकतो, कारण तो जवळजवळ प्रत्येक साइटवर असाच मांडला जातो. मूळ शेड्यूलमध्ये सायकल १२ ची होती. ११ केल्याने मागचे फक्त आठ दिवस भरून निघतात. बाकीचे चाळीस म्हणजे पुढे होऊ घातलेलं नुकसान थांबवलं इतकंच. गळकी टाकी बुजवली म्हणजे सांडलेलं पाणी परत येत नाही. ५२ पैकी ४४ दिवस अजून कुठूनतरी आणायचेच होते.

ते आरसीसीतून, म्हणजे स्लॅब-बीमच्या कामातूनच काढायचे, असा विचार मीटिंगमध्ये आला. दहाव्या दिवशी स्लॅब-बीमखालचे आधाराचे सगळे जॅक काढून वर न्यायचे. कन्सल्टंट ठाम नाही म्हणाले आणि ते बरोबर होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबच्या तळाची प्लाय तीन दिवसांनी काढता येते, पण जॅक लगेच परत लावायच्या अटीवर. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे जॅक सात दिवस, त्याहून मोठ्याखाली १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ दिवस, त्यावरच्या बीमखाली २१. आमचे मोठे बीम ५.२ मीटरचे. शिवाय हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आणि हवा १५ अंशांच्या खाली न जाण्याचे आहेत. आमच्या मिक्समध्ये फ्लाय ॲश (कोळशाची राख) होती आणि डिसेंबरात पहाटे पारा बाराच्या आसपास, म्हणजे काँक्रीट आणखी सावकाश पिकणार. टाकीत बुडवून ठेवलेल्या क्यूबचा (काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्याचा) सात दिवसांचा निकाल दाखवून जॅक काढायची परवानगी मागणं हा तर आपल्याकडचा जुना रोग. टाकीतला क्यूब काँक्रीट कसं आलं ते सांगतो. स्लॅब किती पिकला ते स्लॅबवरच, त्याच थंडीत ठेवलेला क्यूब सांगतो. आम्ही तसे तीन-तीन क्यूब प्रत्येक भागासाठी वेगळे ठेवायला लागलो. जॅक काढण्याऐवजी जॅक वाढवले: सुमारे सहाशे जॅक आणि बीम बॉटमचा अर्धा जास्तीचा सेट भाड्याने. खरेदी विभागाने भाड्याचा आकडा बघून आठ दिवस फाइल दाबली. एक दिवस उशिरा ताबा दिल्यावर किती फ्लॅटधारकांचं किती व्याज लागतं, ते एका कागदावर लिहून दिल्यावर फाइल त्याच संध्याकाळी सुटली.

खरे दिवस मिळाले ते पुढच्या कामांच्या साखळीत. मूळ शेड्यूलमध्ये ब्लॉकवर्क (ब्लॉकच्या भिंतींचं काम) दहाव्या स्लॅबनंतर सुरू होणार होतं. का, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. जुन्या कुठल्यातरी शेड्यूलवरून उचललेला दुवा होता तो. खालचे तीन मजले जॅक काढून मोकळे पडले होते. ब्लॉकवर्क तिथे लगेच सुरू केलं की दहाव्या स्लॅबची वाट संपली. गवंड्यांना नऊ दिवसांत एक मजला होतो, स्लॅब ११ दिवसांत. म्हणजे चढत्या स्लॅबमागे तीन मजले अंतर ठेवून ब्लॉकवर्क जाऊ शकतं आणि त्याच्यामागे प्लॅस्टर. होळीला टोळ्या पुन्हा गावी जातील हे धरून मार्चमध्ये दहा दिवस मोकळे ठेवले. हे न धरता केलेलं शेड्यूल मार्चमध्येच मरतं. ५२ पैकी ४५ दिवस भरून काढायचा बेत झाला.

त्या बेतात एक ओळ कमी होती. एप्रिलमध्ये ती भिंतीवर दिसली.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर, प्लॅस्टर होऊन महिना झाल्यावर, बीमच्या तळाला लागून आडव्या केसासारख्या भेगा आल्या. दोन फ्लॅटमध्ये दरवाजाच्या लिंटेलच्या कोपऱ्यातून तिरप्याही. एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत बीमपर्यंत नेताना वर १५ ते २० मिलिमीटर फट ठेवायची असते. ती शेवटी भरायची, निदान दोन आठवड्यांनी, आणि वरच्या मजल्यांचा भार येऊन गेल्यावर भरली तर उत्तम. कारण वरचे स्लॅब भरले जात असतात तोवर बीम थोडा-थोडा वाकत राहतो आणि खाली ब्लॉक व मॉर्टर वाळताना आक्रसत राहतात. फट लगेच घट्ट भरली तर एकतर बीम भिंतीवर बसतो, नाहीतर भिंत बीमपासून सुटते. मूळ शेड्यूलमध्ये ब्लॉकवर्क उशिरा असल्यामुळे यातलं बरंच आपोआप टळलं असतं. मी ते पुढे ओढलं, पण शेड्यूलमध्ये 'ब्लॉकवर्क' ही एकच पट्टी ठेवली. वरची फट भरणं त्या नऊ दिवसांतच गडप झालं.

गवंड्यांच्या मुकादमाला विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, वरचा थर इतक्यात भरू नये हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो भरल्याशिवाय भिंत बिलात धरत नाहीत." वर्क ऑर्डर उघडून पाहिली. दर भिंतीच्या चौरस मीटरला, 'बीमपर्यंत पॅक करून पूर्ण'. म्हणजे शेवटच्या थराबरोबरच फट भरली की मोजमाप होणार आणि पैसे मिळणार. टोळीने नेमकं तेच केलं होतं. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. काम चुकल्याचा ठपका मीटिंगमध्ये मुकादमांवर आला, आणि तो मला मान्य नाही.

दुरुस्ती तीन मजल्यांवर करावी लागली. भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टरची पट्टी कापून काढायची, सांधा व्ही आकारात उघडायचा, धूळ साफ करून पॉलिमर मॉर्टर भरायचं, वर फायबरची जाळी दोन्ही बाजूंना किमान १०० मिलिमीटर जाईल अशी बसवायची आणि मग प्लॅस्टर. वाळण्यासकट यात पाच दिवस गेले. होळीचे दहा धरले होते, लागले तेरा. ४५ च्या जागी ३७ हाती आले.

पाचव्या मजल्यापासून 'टॉप पॅकिंग' ही वेगळी पट्टी आहे, ब्लॉकवर्क संपल्यानंतर १४ दिवसांनी सुरू होणारी. वर्क ऑर्डरमध्येही तिचा दर वेगळा लिहून घेतला, म्हणजे भिंत झाल्यावर भिंतीचे पैसे मिळतात आणि पॅकिंगचे पॅकिंग झाल्यावर. पॅकिंग वरच्या मजल्याकडून खाली यावं असं मुकादमांचं म्हणणं आहे, आणि पटण्यासारखं आहे, पण मग प्लॅस्टरही वरून खाली यावं लागेल आणि मिळवलेल्यातले बरेच दिवस परत जातील. पाचव्यापासून नवव्यापर्यंत ते खालून वरच चाललं आहे. १४ दिवस पुरेसे आहेत का, हे वर अजून स्लॅब चढत असताना मी खात्रीने सांगू शकत नाही.

दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावर दुरुस्त केलेल्या सांध्यांवर पेन्सिलीने सांधा ओलांडून जाणाऱ्या खुणा करून शेजारी तारखा लिहिल्या आहेत. दर शनिवारी बघतो. बावीस खुणांपैकी एकवीस जशाच्या तशा आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यालगतच्या खोलीतली एक गेल्या शनिवारी मधोमध तुटलेली होती.