हेलिओस राहू दे, आधी रिंग फिरवून बघ

अधनंमधनं कुणीतरी मेसेज करतंच, हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स घेऊ का, रीलमध्ये बघितलं, मागची झाडं सगळी गरगर फिरल्यासारखी दिसतात, लई भारी वाटतंय. माझं उत्तर ठरलेलं आहे, घे की, पण त्या गरगरीसाठी घेऊ नकोस.

आता का ते सांगतो. हेलिओस म्हणजे जर्मन झाइसच्या बायोटार ५८ एमएम एफ/२ वरनं सोव्हिएत रशियात बनवलेली लेन्स, झेनिट कॅमेऱ्याबरोबर ढिगानं बनली म्हणून आजही मिळते. ती गरगर येते कुठनं, तर फोटोच्या कडेला जाणारा प्रकाश लेन्सच्या नळीतच थोडा कापला जातो, त्यामुळं मागचे उजेडाचे गोल कडेला लांबट होतात, बदामासारखे, आणि सगळे मधल्या बिंदूभोवती रांग लावून उभे राहतात, त्यात फोकसचं प्रतलही सपाट नसून वाकलेलं. म्हणजे हा सगळा खेळ कडेचा. आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांकडं कॅमेरा कुठला, तर एपीएस-सी, म्हणजे सेन्सर छोटा, तो मधलाच तुकडा उचलतो आणि ज्या कडांसाठी लेन्स घेतली त्या बाहेरच राहतात. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर असेल, आमच्या सांगलीत हरिपूर रोडला चिंचेखाली माणूस उभा केला, बारीक पानातनं ऊन गळतंय, मागची झाडं बऱ्यापैकी लांब आहेत, तर मग येते ती गरगर. प्रीवेडिंगवाली पोरं ते बरोबर जमवतात, त्यांना नावं ठेवत नाही, पण तोच तोच फोटो किती वेळा काढणार.

मला स्वतःला जुन्या लेन्सचा नाद लागला तो फोटो कसा दिसतो यापेक्षा हाताला ती कशी लागते यामुळं. म्हणजे फोकसची रिंग. आजच्या मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, बहुतेक लेन्सना रिंग असते पण ती आतल्या काचांना धरून नसते, तुम्ही फिरवली की ती मोटरला निरोप धाडते आणि मग मोटर काचा हलवते. बऱ्याच लेन्समध्ये हळू फिरवली तर थोडं सरकतं, जोरात फिरवली तर जास्त सरकतं, दोन्ही टोकाला कुठं अडत नाही, गोल गोल फिरतच राहते, आणि वर अंतराचे आकडेही नसतात. जुनीत काय आहे, तर आटे. पितळ नाहीतर ॲल्युमिनियमचे बारीक आटे, त्यात ग्रीस, रिंग फिरवली की काच पुढं येते, एवढंच. तीन मीटर म्हणजे कायम तीन मीटर, काल होतं तिथंच आज. बोटाला सवय झाली की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच रिंग अर्धी जागेवर आलेली असते.

गावभागात एका ओळखीच्या काकांचा स्टुडिओ होता, पासपोर्ट फोटो, बारसं, लग्नाच्या ऑर्डरी, सगळं. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, वरच्या फळीवर होतं तेवढं वाचलं, त्यात एक पेंटॅक्स के१००० आणि तिच्या दोन लेन्सा, ५० एमएम एफ/१.७ आणि २८ एमएम एफ/२.८. काकांनी नंतर दुकान काय परत उघडलं नाही. मी विचारलं, काका, विकता काय, तर म्हणाले, "विकायचं काय त्यात, घिऊन जा की. पण वापर लगा, कपाटात ठिवून पूजा घालू नको." आणि लेन्स हातात देताना पहिलं हेच सांगितलं, "डोळं झाकून रिंग फिरव. एकसारखी फिरली पाहिजे. मधीच जड लागली तर ग्रीस वाळलंय, खरखर लागली तर माती हाय." काच नंतर बघायची, आधी रिंग. मला वाटतं सेकंडहँड लेन्स घेताना याच्याएवढा चांगला सल्ला यूट्यूबवर कुणी दिला नाही, तिथं सगळे बोके म्हणजे मागचा धूसर भागच दाखवत बसतात.

कॅमेरा माझा साधा आहे, फुजीचा एक्स-टी२०, तोही सेकंडहँड. पेंटॅक्सची लेन्स त्याच्यावर का बसते याचं गणित सोपं आहे. प्रत्येक माउंटचं, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथं अडकते त्या जोडाचं, एक अंतर ठरलेलं असतं, लेन्स जिथं टेकते तिथनं फिल्म किंवा सेन्सरपर्यंत. पेंटॅक्स के आणि एम४२ (हेलिओसचा आट्यांचा माउंट) या दोघांचं ४५.४६ एमएम, कारण जुन्या एसएलआरमध्ये मधी आरसा हलायला जागा लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही, फुजी एक्सचं १७.७ एमएम. म्हणजे मधी २७.७६ एमएम रिकामी जागा उरते, ती भरायला एक धातूची नळी, तिलाच ॲडाप्टर म्हणायचं, आत काच नाही काही नाही. म्हणूनच मिररलेसवर जवळपास कुठलीही जुनी एसएलआर लेन्स चालते, आणि डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, भानगडी होतात. निकॉनचं अंतर ४६.५ एमएम आहे, एम४२ पेक्षा जास्त, मग निकॉन डीएसएलआरला साध्या ॲडाप्टरनं हेलिओस लावली तर जवळचं दिसेल पण लांबचा डोंगर कधीच शार्प होणार नाही, त्यासाठी मधी काच घातलेला ॲडाप्टर लागतो आणि त्या स्वस्तातल्या काचेनं सगळी वाट लागते. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सांची कॅननच्याच ईएफ डीएसएलआरवर हीच गोची, एफडीचं अंतर ४२ एमएम आणि ईएफचं ४४. कॅनन असून कॅननला चालत नाही, सांगितलं तर लोकांना पटत नाही.

मेनूत "शूट विदाऊट लेन्स" चालू करायचं, नाहीतर कॅमेरा म्हणतो लेन्सच नाही आणि क्लिकच करत नाही. ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्समधलं भोक, लेन्सवरच्या रिंगनं लहानमोठं करायचं, ए मोडमध्ये शटर कॅमेरा स्वतः ठरवतो. एवढंच.

तर मिरज. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरवाले येऊन गेले, पण तिथल्या गल्लीत काम रोजचंच चालू असतं, वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर बसून पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. मला जवारी काढतानाचा फोटो पाहिजे होता. जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा वरचा भाग कानशीनं घासून असा करायचा की तार तिथं किंचित घासून बोलली पाहिजे, घासायचं, तार चढवायची, छेडून ऐकायचं, परत उतरवायची, परत घासायचं. ऑटोफोकस लेन्सनं काय होतंय, पुढं तारा आहेत, मागं हात आहे, कॅमेरा कधी तार धरतो, कधी पडदा धरतो, आणि फोकस बॉक्स सरकवत बसलं की तोवर कारागीर कानस खाली ठेवून चहाला उठलेला.

५० एमएम घेऊन ४५ सेंटीमीटरवर, तिथं तिची मर्यादा संपते, एफ/१.७ वर, म्हणजे भोक पूर्ण उघडं असताना, शार्प भाग सगळा मिळून चारेक मिलिमीटर. बोटाचं नख शार्प तर कानस गेली. भोक बारीक करून एफ/४ ला आणलं की सेंटीमीटरभर मिळतो, तेवढ्यात घोडी आणि बोटाचं टोक बसतं. आणि इथं रिंगला हात कमीच लावायचा, एकदा लावून ठेवायची आणि स्वतः पुढंमागं झुलायचं, मांडी घालून बसलं की जमतं. फोकस पीकिंग, म्हणजे शार्प भागावर कॅमेरा दाखवतो त्या लाल कडा, याच्यावर जवळच्या फोटोत विश्वास ठेवू नका, ते बऱ्याच जाड पट्ट्यावर लाल दाखवतं, खरं शार्प त्यातलं थोडंच असतं. मागची डायल दाबून मोठं करून बघायचं. आणि ज्या ॲपर्चरला काढणार त्यालाच फोकस करा, काही जुन्या लेन्सांचा फोकस ॲपर्चर बंद करताना थोडा सरकतो. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, माझ्या कॅमेऱ्यात बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तर सावरायची सोय, नाही. ज्यांच्यात आहे त्यांनी मेनूत लेन्सचा एमएम हातानं भरायचा, जुनी लेन्स कॅमेऱ्याला काहीच सांगत नाही त्यामुळं त्याला किती सावरायचं तेच कळत नाही.

२८ एमएमचं काम वेगळं. ती मार्केट यार्डात, हळदीचे सौदे चालू असताना. पोत्यांच्या थप्प्या, हमाल, व्यापारी, सगळं हलतंय, तिथं डोळ्याला कॅमेरा लावून रिंग फिरवायला वेळ कुठला. तिथं जुन्या लेन्सवरच्या रेघा कामाला येतात, नव्या पोरांना त्या कशासाठी आहेत तेच माहीत नसतं. अंतराच्या खाली दोन्ही बाजूला ८, ११, १६ असे आकडे असतात, म्हणजे या ॲपर्चरला इथनं इथपर्यंत शार्प. फक्त त्या रेघा ३५ एमएम फिल्मसाठी आखल्यात, एपीएस-सीचा फोटो जास्त मोठा करून बघतो आपण, म्हणून एक स्टॉप, म्हणजे ॲपर्चरची एक पायरी, कडक वाचायचं, काढायचं एफ/११ ला आणि रेघ बघायची ८ ची. रिंग साडेतीन मीटरच्या आसपास ठेवली की पावणेदोन मीटरपासनं पार शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत सगळं चालतं. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता वाढवा, १६००, ३२००, काय होत नाही. मग फोकस हा विषयच संपतो, कॅमेरा छातीशी धरूनही फोटो येतात, आणि ऑटोफोकसपेक्षा हे फास्ट आहे, कारण त्याला शोधायला लागतं आणि याला काही शोधायचंच नाही.

एक अडचण आहे, स्वस्त ॲडाप्टर मुद्दाम केसभर पातळ बनवतात, म्हणजे लांबचं हमखास शार्प व्हावं, पण मग लेन्सवरचे आकडे खोटे पडतात. आयर्विन पुलावर उभं राहून लांबचा एखादा टॉवर मोठा करून फोकस करा आणि रिंग कुठं आली बघा. अनंताच्या खुणेच्या बरीच आधी आली तर ॲडाप्टर पातळ आहे. माझा आहे थोडा, मी रिंगवर पांढऱ्या पेननं स्वतःची खूण केली, काकांनी बघितलं तर ओरडतील.

आणि हळद. जुनी लेन्स फोकस करताना लांब होते, लांब होताना हवा आत ओढते, सील वगैरे काही नाही. यार्डातनं आलं की रिंगच्या खाचा पिवळ्या. मऊ ब्रश आणि ब्लोअर, लगेच, ओलं फडकं नाही.

स्वस्त पडतं का म्हणाल तर आता फारसं नाही. चांगली लेन्स, ॲडाप्टर, वर मेकॅनिककडनं साफसफाई, एवढ्यात थोडे घातले की चायनीज नवीन लेन्स येते, आता ऑटोफोकससकट. लग्नाची ऑर्डर असेल तर तीच घ्या, तिथं वरमाला परत घालायला सांगता येत नाही. आणि जुन्या लेन्समध्ये काहीतरी आत्मा वगैरे असतो हे मला पटत नाही, सूर्य समोर आला की कॉन्ट्रास्ट पडतो एवढंच असतं ते, कधी बरं दिसतं कधी नाही.

घेताना रिंग झाली की मोबाईलचा टॉर्च मागनं लावून पुढनं तिरकं बघा, ॲपर्चर पूर्ण उघडून. बारीक धुळीचं काही नाही, दोन-चार कण असतातच. जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, कोटिंग खाल्लं असेल तर पुसूनही डाग राहतो. सगळं धुरकट दिसलं तर हेझ, कडेला इंद्रधनुष्यासारखी चमक दिसली तर दोन काचा चिकटवलेला बाल्सम सुटलाय, ती सोडून द्या. पेंटॅक्सच्याच जुन्या बऱ्याच सुपर-टाकुमार ५० एमएम एफ/१.४ मध्ये काच पिवळी दिसेल, ते थोरियममुळं, काचेतच घातलेलं असतं, यूव्ही दिव्याखाली ठेवली तर बरीच उतरते. ॲपर्चरची पाती तेलकट नसावीत, रिंग फिरवली की लगेच हलली पाहिजेत.

पावसाळ्यात चामड्याच्या जुन्या केसमध्ये अजिबात ठेवू नका, ती केसच ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल, आणि आत हवेतली ओल मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर, ४० ते ५० टक्क्यांच्या मधी काटा राहिला की झालं, जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतं. तांदळाच्या डब्यात ठेव म्हणून घरात कुणीतरी सांगणारच, आमच्यात आईनं सांगितलं, पण तांदळाची पूड आट्यात गेली की रिंग खरखरायला लागते.