दीड दिवसाचं वर्ष

आज सुट्टी. कपाट आवरायचं सोडून दिवसभर ट्रॅपिस्ट-१ बद्दल वाचत बसलो. कुंभ राशीतला, साधारण ४० प्रकाशवर्षांवरचा हा लालसर तारा गुरू ग्रहापेक्षा थोडासाच मोठा. आणि त्याच्याभोवती एक-दोन नाही, सात खडकाळ ग्रह! सगळ्यात आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं. म्हणजे आपल्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होईतो तिथे वर्ष उलटलेलं.

ग्रह कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, बरं का. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड एक टक्क्याहूनही कमी घटतो. ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा घटला, की ग्रह पकडला. कमाल चिकाटी!

२०१७ मध्ये सातही जाहीर झाले आणि लगेच ‘दुसरी पृथ्वी सापडली’च्या बातम्या. या मथळ्यांचा मला मनापासून वैताग. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्या आतल्या ग्रहाची उष्णता मोजली, तर दिवसाच्या बाजूला २३० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि दाट हवेची खूण नाही. चौथ्या ग्रहाकडून मात्र आशा आहे, तिथे पाणी द्रवरूपात टिकण्याजोगी ऊब पोचते. अर्थात हवा असेल तर.

जेवताना हे सगळं घरी रंगवून सांगितलं. बाबा म्हणाले, “तिथे जागेचा भाव काय चाललाय?”